दोन ऑगस्टची माती

सिल्वासात २०२० सालापर्यंत दोन ऑगस्टला सुट्टी असायची. १९५४ साली त्या दिवशी हे गाव पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. त्या लढ्यात सुधीर फडके होते, आणखी कितीतरी मराठी माणसं होती. दरवर्षी मुक्ती दिनाला झेंडावंदन होतं आणि शाळेतली मुलं पावसात भिजत रांगेत उभी राहतात. २०१६ साली त्याच दिवशी मी आमच्या ह्यांना माती दिली.

आदल्या दिवशी, सोमवारी, हे पहिली पाळी करून घरी आले. चहा टाक म्हणाले आणि खुर्चीत बसले. मी चहा गाळून आणला तोवर सगळं संपलं होतं. वय बावन्न.

आम्ही मूळचे नगरचे. १९९४ साली हे इथल्या एका सुताच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. चार-पाच वर्षं राहू आणि परत जाऊ असं म्हणता म्हणता मुलं इथंच मोठी झाली. आता आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाकडे मरण झालं की बायका मला सोबत नेतात. मला प्रवचन करता येत नाही. मी जाते, बसते, कधी थोडं बोलते. त्या बोलण्यातलं जे वारंवार तोंडी आलं तेवढंच इथं लिहिते आहे.

१. माती कुठं द्यायची ते जिवंतांकडे पाहून ठरवावं

त्या रात्री पहिला प्रश्न हाच निघाला. दीर फोनवर म्हणाले, नगरला घेऊन या, आपल्या माणसांच्या शेजारी जागा आहे. सिल्वासाहून नगर तीनशे किलोमीटरच्या आसपास, वाट खानवेल, जव्हार, त्र्यंबकवरून, आणि दिवस भर पावसाळ्याचे. पण दिरांचं म्हणणं काही चूक नव्हतं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं १८३१ पासूनचं. सासऱ्यांच्या आज्यापासून आमच्या घरातल्या सगळ्यांच्या कबरी तिथं आहेत. परक्या गावात, जिथं आपल्या आडनावाची एकही कबर नाही तिथं माणसाला एकटं ठेवायचं, हे मलाही सोसवत नव्हतं.

तेवढ्यात सासूबाईंनी दिरांच्या हातून फोन घेतला. वय ऐंशी. जन्मभर ‘ज्ञानोदय’चा अंक हातात आला की आधी मृत्युवार्तेचं पान उघडायची त्यांची सवय. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, “त्याची लेकरं कुठंयत? तिथंच ठेव त्याला. उठायचा दिवस येईल तेव्हा नगर काय अन् सिल्वासा काय. जिथं निजवशील तिथनं उठंल.”

पुनरुत्थानावर मी लहानपणापासून किती प्रवचनं ऐकली असतील, गणती नाही. पण ज्या बाईचा मुलगा त्या घटकेला घरात पांढऱ्या चादरीखाली होता, तिनं त्या श्रद्धेवर एक व्यवहाराचा निर्णय घेऊन टाकला. रात्री दहाला नगरहून जीप निघाली. मला सकाळपर्यंत मोकळं बसता आलं ते त्यांच्या त्या चार वाक्यांमुळे.

२. कबरेत पाणी भरतं, ते उपसायला माणसं लागतात

सुट्टीमुळे सुतारकाम बंद. पेटी कुठून आणायची? ह्यांच्या कारखान्यातल्या एकाच्या ओळखीचा माणूस यंत्रं पाठवायची लाकडी खोकी बनवायचा. त्यानं पहाटे उठून त्याच फळ्यांची पेटी केली. रंधा मारायला वेळ नव्हता. आतल्या एका फळीवर काळ्या शाईनं छापलेली छत्रीची आणि काचेच्या पेल्याची खूण तशीच राहिली होती. मालाला पाणी लागू देऊ नका, जपून उचला, असं सांगणारी ती खूण. मी बराच वेळ तिच्याकडे पाहत होते. मग त्यावर चादर आली.

दफनभूमीत पोचलो तर खणलेल्या खड्ड्यात मांडीपर्यंत पाणी. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्येच. ह्यांच्या खात्यातली पाच-सहा पोरं रंगाच्या रिकाम्या बादल्या घेऊन उतरली. दोघं बिहारचे, एक गुजराती, एक आमच्याच गल्लीतला मुसलमान मुलगा. ती उपसत होती, तळातून पुन्हा पाणी चढत होतं. पाळकसाहेब छत्रीखाली पुस्तक धरून उभे. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं, बूट काढले आणि तेही बादलीला हात लावायला गेले.

तेव्हा मला आशा वगैरे काही वाटलं नाही. मला त्या पाण्याची भीती वाटत होती, एवढंच. सासूबाई अकरा वाजता आल्या, लुगड्याचा काठ चिखलात, दोघांच्या आधारानं काठावर उभ्या राहिल्या आणि पहिली मूठ त्यांनी टाकली.

म्हणून आता कुणाकडे गेले की मी बायबल पिशवीतच ठेवते. आधी विचारते, पेटी कोण करतंय? खड्ड्यावर माणसं आहेत का? लांबून येणाऱ्यांच्या चहाचं काय? विधवेच्या तोंडात सकाळपासून काही गेलंय का? पिशवीतलं बायबल नंतर निघतं, आणि मग त्यातला शब्द ऐकायला कानही मोकळे झालेले असतात.

३. रडण्यानं साक्ष बिघडत नाही

तिसऱ्या दिवशी सांत्वनाची प्रार्थना होती. प्रार्थना संपल्यावर एक वडीलधारे गृहस्थ जवळ आले आणि हळूच म्हणाले, “ताई, सावरा आता. इतरधर्मी लोक बघतायत. आपली साक्ष बिघडते.” ते मनानं वाईट नव्हते. पण त्या वाक्यानं मी तीन महिने घरात दार लावून रडले. चारचौघांत हसरा चेहरा आणि स्वयंपाकघरात नळ सोडून हुंदके.

मग एका रात्री योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय समोर आला. लाझराची गोष्ट. शंभर वेळा वाचलेली. लाझर मरून चार दिवस झालेत, बहिणी येशूला बोल लावतायत की तू इथं असतास तर आमचा भाऊ गेला नसता. येशूला ठाऊक आहे की अजून थोड्या वेळात धोंडा बाजूला होणार आणि लाझर चालत बाहेर येणार. ठाऊक असूनही तो रडतो. पुढं काय होणार हे ज्याला पक्कं माहीत होतं, त्यानंही शेजारी उभ्या असलेल्या बाईचं रडं ओलांडून पुढं पाऊल टाकलं नाही.

त्या रात्री नळ सोडला नाही. तशीच रडले.

पौलाचं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं पहिलं पत्र नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी एक, इसवी सन ५०च्या सुमाराचं. तिथल्या लोकांना धास्ती पडली होती की आपली जी माणसं आधीच गेली, ती प्रभूच्या येण्याला मुकतील. चौथ्या अध्यायात पौल त्यांना धीर देतो. त्यात त्यानं दुःखावर बंदी घातलेली नाही. ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखं दुःख करू नका, एवढंच त्याचं म्हणणं आहे. म्हणजे दुःख आहेच, त्याच्या पोटात आशा आहे. आपल्याकडे सांगताना यातलं निम्मंच सांगतात, आणि त्या निम्म्यापायी किती बायका नळ सोडून रडत असतील कोण जाणे.

४. बोलायला काही नसलं तर बोलू नये

लोकांनी मला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, हे एक तर सगळ्यांनाच ऐकावं लागतं. माझ्या धाकट्यानं, तेव्हा तो बारावीत होता, मला विचारलं, “आई, मग देवानं आपल्याकडून चोरलं का बाबांना?” मला उत्तर देता आलं नाही. ज्या वाक्याचा अर्थ लेकरानं असा घेतला, ते वाक्य देवाच्या नावावर खपवू नये.

ईयोबाचे तीन मित्र त्याच्याकडे आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले. त्या पुस्तकात त्यांच्या हातून घडलेलं चांगलं काम तेवढंच. आठव्या दिवसापासून ते कारणं सांगू लागले, आणि शेवटी देवानं दोष दिला तो त्यांनाच.

माझ्याकडे गप्प बसायला आली ती खानवेलकडून येणारी भाजीवाली. वारली बाई, ख्रिस्ती नाही. गुरुवारी नेहमीसारखी आली, दारातल्या चपला पाहून काय ते समजली. टोपली उतरवून आत आली आणि माझ्याजवळ भिंतीला टेकून बसली. समोर सुपात तांदूळ होते, कुणीतरी निवडायचे ठेवलेले. तिनं सूप ओढलं आणि निवडायला लागली. खडा, तूस, खडा. तासभर बसली असेल, एक अक्षर बोलली नाही. जाताना करटोल्यांचा वाटा ठेवला आणि पैशाला हात लावला नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. असे सहा गुरुवार. नंतर केव्हातरी कळलं, तिचा थोरला मुलगा दमणगंगेत बुडून गेला होता.

५. शनिवारी घाई करू नये

सिल्वासाच्या मध्यात पोर्तुगीज अमदानीतलं कॅथलिक चर्च आहे. गोवा आणि दमणच्या धर्मप्रांतातलं. मी वीस-बावीस वर्षं त्याच्यावरून बाजाराला जात होते, पण आत कधी गेले नव्हते. आम्ही प्रोटेस्टंट. आमच्याकडे मूर्ती नाही, मेणबत्त्यांचे स्टँड नाहीत, रिकामा क्रूस तेवढा असतो. त्या सप्टेंबरात एका दुपारी पाऊस आला म्हणून आडोशाला शिरले. आत एक म्हातारी गोवन बाई जपमाळ ओढत होती. तिला मी सहज विचारलं, हे चर्च कुणाच्या नावाचं? ती म्हणाली, पिएदाद. आणि मला समजलं नाही असं पाहून तिनं दोन्ही हात मांडीवर आडवे धरले, तान्हं बाळ घेतात तसे, आणि म्हणाली, “मेलेला पूत असो घेतला तिणें.”

क्रूसावरून उतरवलेला मुलगा मांडीवर घेऊन बसलेली आई, ती पिएदाद. रोममध्ये सेंट पीटर्समध्ये मायकेलअँजेलोनं पंधराव्या शतकाच्या अखेरीस घडवलेला त्या प्रसंगाचा पुतळा आहे, तो फोटोत पाहिला होता. पण आपण राहतो त्या गावच्या चर्चचं नावच तिच्यावरून आहे, हे मला ठाऊक नव्हतं. गाव कारखान्यांनी भरलं, ट्रकांनी भरलं, आणि सगळ्याच्या मध्ये ती आई मुलाला मांडीवर घेऊन बसलेली.

मी बाकावर बसले. आम्ही लोक फार लवकर रविवारी पोचतो. उत्तम शुक्रवारी क्रूसावरच्या सात उद्गारांवरची प्रवचनं होतात आणि एक दिवस सोडला की पहाटे पुनरुत्थानाची गाणी. मधल्या शनिवाराचं आमच्याकडे काहीच नाही, बायका ईस्टरचा स्वयंपाक करतात. त्या पहिल्या शनिवारी मरियेला रविवार दिसत होता का? शुभवर्तमानात तसं काही दिसत नाही. त्या दिवशी शब्बाथ होता, म्हणून बायका स्वस्थ राहिल्या, असं लूक सांगतो. एवढंच. मला त्या एका दिवसाचा मोठा आधार वाटला. कारण माझा तो शनिवार वर्ष-दीड वर्ष चालला, आणि त्यात मी देवाबाहेर पडले होते असं नाही. त्या दिवसाला शास्त्रात जागा आहे. तिथं बसून राहिलेली माणसं आहेत.

म्हणून कुणाच्या मुलाला जाऊन पंधरा दिवस झालेत आणि कुणी त्या आईला रविवारची गाणी म्हणायला लावतंय असं दिसलं, की मी मध्ये पडते. मला भांडखोर म्हणतात. म्हणोत.

६. वस्तूंना हात लावायची घाई तर मुळीच नको

कपडे महिनाभरात देऊन टाकावेत असं मला चौघींनी सांगितलं. मी सगळे दिले, आणि कारखान्याचा निळा सदरा दिल्याचं दुःख मला अजून आहे. त्याला वंगणाचा वास होता. ह्यांचा चष्मा तेवढा राहिला. खणात आहे, ज्या डबीत होता त्याच डबीत.

७. अंधाराचं स्तोत्रही प्रार्थनेतच मोडतं

सांत्वनाच्या प्रार्थनेत तेविसावं स्तोत्र हमखास वाचतात. मेंढपाळाचं, अंधाऱ्या दरीचं. माझं ते पाठ होतं आणि पाठ असल्यामुळेच त्या दिवसांत ते कानाला लागून ओघळून जायचं. मुलीनं मला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आणून दिलं. वसईचे फादर, पुढं २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते. २०२४च्या जुलैत गेले. आम्ही ज्या बायबलवर वाढलो त्याची भाषा जुनी, आदरानं डोक्यावर घ्यायची. हे वाचताना शेजारी बसून कुणी सांगतंय असं वाटायचं, आणि त्यामुळे जे ओलांडून जायची सवय होती त्यावरही नजर थांबू लागली.

तशी अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रावर थांबली. बहुतेक रडगाण्यांच्या शेवटी कुठंतरी स्तुती येते, देव ऐकेल असा भरवसा येतो. ह्या स्तोत्रात तसं काही येत नाही. हाक मारून मारून माणूस दमतो आणि शेवटच्या ओळीतही अंधारच. तरी ते काढून टाकलेलं नाही. ज्या कुणी स्तोत्रं गोळा केली त्यांना वाटलं असेल, असाही दिवस येतो, त्या दिवशी माणसानं काय म्हणायचं? मी ते कितीतरी रात्री मोठ्यानं वाचलं. ज्याच्याशी भांडावं असा कुणी समोर आहे, हे भांडता भांडताच पटत गेलं.

८. हातातलं काम सोडू नये

पंडिता रमाबाईंची गोष्ट मी नगरला शाळेत शिकले होते, पण ती विद्वान बाईची, समाजसुधारक बाईची गोष्ट म्हणून. स्वतः विधवा झाल्यावर तीच गोष्ट नीट वाचली. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईबाप गेले, बहीण गेली. राहिलेला एकुलता भाऊ श्रीनिवास १८८० साली गेला. त्याच वर्षी लग्न झालं. १८८२ साली नवरा पटकीनं गेला, पदरात मनोरमा, वर्षाचीही नाही. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढं केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा, हे सगळं आपल्याला ठाऊक असतं. ठाऊक नसतो तो शेवट. जी आपल्यामागून काम सांभाळेल असं रमाबाईंना वाटत होतं ती मनोरमा २४ जुलै १९२१ला गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ला गेल्या.

मधले साडेआठ महिने त्यांनी काय केलं? मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं होतं, साध्या बायाबापड्यांना समजेल असं. तेच पुढं नेत राहिल्या. तब्येत ढासळलेली, एकुलती लेक गेलेली, आणि समोर तपासायचे कागद. ते भाषांतर पुरं करूनच त्या गेल्या. छापून पुस्तक बाहेर आलं ते त्यांच्यामागं, १९२४ साली.

त्यांची बरोबरी मी कशी करणार? मी मराठी शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवत होते. ह्यांच्या जाण्यानंतर राजीनामा लिहून ठेवला होता. रमाबाईंच्या त्या साडेआठ महिन्यांचा विचार करत तो आठवडाभर पर्समध्ये फिरवला आणि मग फाडला. मुलांच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना, ऱ्हस्व-दीर्घावर लाल खूण करताना, दिवसातले दोन तास मी सुखी नसले तरी उभी असायचे. त्या वह्यांवर मी चार वर्षं तगले असं म्हटलं तरी चालेल.

९. मुलांच्या प्रश्नाला शेताकडे बोट दाखवावं, आणि पुढचं खरं सांगावं

धाकट्याचा दुसरा प्रश्न त्या चोरीच्या प्रश्नाहून अवघड होता. पुढल्या पावसाळ्यात आम्ही दोघं दुधनीकडे चाललो होतो, मधुबन धरणाच्या बाजूला. बसच्या खिडकीतून बाहेर बघत तो म्हणाला, “त्या खड्ड्यात पाणी होतं, आई. आता आत काय राहिलं असेल? मग उठणार काय?”

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आवणी चालली होती. आमच्याकडचे वारली, कोकणा शेतकरी उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, राब म्हणतात त्याला. पहिल्या पावसाला त्यात भात पेरतात. रोप वीतभर झालं की मुळासकट उपटतात, जुड्या बांधतात आणि चिखल केलेल्या दुसऱ्या खाचरात लावतात. उपटलेलं रोप त्या जुडीत मेल्यासारखं दिसतं. पिवळं पडतं, मान टाकतं. चार दिवसांनी उभं राहतं.

पौल करिंथकरांना हेच सांगतो, पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात. तिथंही कुणीतरी माझ्या मुलासारखंच विचारत होतं की मेलेले कसल्या शरीरानं उठतील. पौल म्हणतो, दाणा बघा. पेरता ते रोप नसतं, नुसता दाणा असतो, आणि तो मेल्याखेरीज काही उगवत नाही. जे वर येतं ते पेरलेल्यासारखं दिसत नाही, तरी त्याच दाण्याचं असतं.

मी मुलाला शेत दाखवलं आणि हे सांगितलं. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “पण हे दिवाळीपर्यंत दिसतं.” मी म्हटलं, हो. हे दिसतं. बाबांचं आपल्याला दिसणार नाही, आपल्या हयातीत तरी. ख्रिस्ताचं झालं म्हणून आपलं होईल, एवढ्यावर टेकायचं.

मला वाटलं होतं तो निराश होईल. पण त्यानं माझा हात धरला. दिसतंय असं मी खोटं सांगितलं असतं तर बहुतेक धरला नसता.

१०. पुढचं मरण येतं तेव्हा आधीचं उपयोगी पडतं

२०२१ साली एप्रिलअखेर सासूबाई गेल्या. नगरला, कोविडमध्ये. मी निघू शकले नाही. दिरांच्या मुलानं फोन उंच धरला होता आणि त्या चौकोनात मला चार माणसं दिसली, डोक्यापासून पायांपर्यंत प्लास्टिकमध्ये, कोण कोण ते ओळखूही येईना. प्रार्थना ऐकू आली नाही, वारा तेवढा ऐकू येत होता. मग फोनची रेंज गेली.

मी उठले आणि इथल्या दफनभूमीत गेले. पोलिसांनी एकदा अडवलं, कुठं जाता विचारलं, मी सांगितलं आणि त्यांनी जाऊ दिलं. ह्यांच्या कबरेपाशी एकटी उभी राहिले. ऊन करकरीत, माती दगडासारखी. ह्याच मातीतून त्या दिवशी बादल्या भरून पाणी निघालं होतं. मी ह्यांना मोठ्यानं सांगितलं की आई गेल्या, आणि मला येता आलं नाही. मेलेल्यांशी बोलावं की नाही यावर आमच्यात आणि कॅथलिकांत मतभेद आहेत. ते दोन नोव्हेंबरला कबरी फुलांनी सजवून मृतांसाठी प्रार्थना करतात, आम्ही तशी करत नाही. पण दर रविवारी विश्वासांगीकारात आम्हीही पवित्र जनांच्या संगतीवर विश्वास असल्याचं म्हणतो, आणि ती संगत मरणापाशी तुटत असेल तर म्हणायचं कशाला? मी बोलले. मग सासूबाईंचंच वाक्य त्यांच्यासाठी म्हटलं. जिथं निजवलं तिथनं उठतील. त्या नगरमधून, हे इथून. मुठीत येईल एवढी माती ढेकूळ फोडून काढली आणि तिथंच, ह्यांच्या कबरेवर, त्यांच्या नावानं टाकली.

आता दोन ऑगस्टला मी सकाळी झेंडावंदनाला जात नाही, थेट दफनभूमीत जाते. गेल्या वर्षी थोरल्याची मुलगी बरोबर होती, पाच वर्षांची. आम्ही दोघींनी गवत उपटलं. पावसानं क्रूसावरची अक्षरं शेवाळून हिरवी होतात, ती मी नारळाच्या काथ्यानं घासते, नात पाणी ओतते.

घासता घासता ती म्हणाली, “आजी, आजोबा उठतील तेव्हा त्यांना चष्मा लागेल?”

मी म्हटलं, नाही लागणार.

“मग तुझ्या खणातला मला दे ना, घर-घर खेळायला.”

मी थोडा वेळ काही बोलले नाही. ती पाण्याचा तांब्या धरून उभी होती.

“अजून नाही, बाळा,” मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि उरलेलं पाणी ह्यांच्या नावावर ओतलं.